बुडालेल्यांसाठीची पेटी

जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि आमच्या वसईच्या कोळीवाड्यात ज्याच्या त्याच्या हाती, न मागता, वेळ येऊन पडतो. यंदा त्या वेळात मी पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लेखकांकडे पुन्हा वळलो आणि टर्टुलियनच्या एका यादीपाशी अडलो.

टर्टुलियन कार्थेजचा, म्हणजे आजच्या ट्युनिशियातील एका बंदराचा रहिवासी. इ. स. १९७ च्या सुमारास रोमन सत्ताधाऱ्यांपुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना तो सांगतो, की आमच्याकडे एक पेटी असते. महिन्यातून एकदा ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे तीत टाकावे, सक्ती कोणावरही नाही. आणि तो पैसा खाण्यापिण्यावर उडवला जात नाही, तर गरिबांचे पोट भरणे आणि त्यांना मूठमाती देणे, पोरकी मुले, थकलेले गुलाम, जहाज फुटून देशोधडीला लागलेले लोक, तसेच श्रद्धेपायी खाणींत, बेटांवर वा तुरुंगात धाडलेले बंधू यांच्यासाठी खर्च होतो. जहाज फुटलेल्यांचा हा उल्लेख वाचून मी पुस्तक मिटले. वादळातून न परतलेल्या खलाशाचा फोटो ज्या वस्तीत अनेक घरांच्या भिंतीवर आहे, तिथल्या वाचकाला ही यादी अठराशे वर्षांपूर्वीची वाटत नाही.

त्याच्याही आधी, इ. स. १५५ च्या सुमारास, रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे जे वर्णन केले आहे, त्यात वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस हा क्रम आजच्या मिस्सेसारखाच आहे. मात्र दोन गोष्टी तो विसरत नाही: जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, प्रसाद पोहोचवतात, आणि जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परगावचे पाहुणे यांच्या वाट्याला जाते. पुढे २५१ मध्ये रोमचे बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद देतात, तेव्हा ४६ धर्मगुरूंच्या पाठोपाठ पंधराशेहून अधिक विधवा आणि गरजू यांची नोंद येते. हिशेबाच्या वहीत माणसे मोजण्याची ही पद्धत मला फार आवडली, कारण आमच्या चर्चच्या ज्या सभांना मी बसलो आहे तिथे सणाची रोषणाई आणि ध्वनिवर्धक यांवर तासभर बोलणे होते, आणि त्या बोलण्यात मीही हिरिरीने भाग घेतलेला आहे.

त्यांच्याकडे रंगवायला इमारतीच नव्हत्या, असे यावर कोणी म्हणेल. ते पुरते खरे नाही. सीरियातील दुरा-युरोपोस येथे २४० च्या सुमारास एका राहत्या घराचे उपासनागृह केले गेले होते. तिथल्या स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, खोलीत भिंतींवर चित्रे आहेत, आणि त्यांपैकी एकात येशू पाण्यावरून चालत आहे व शिष्य होडीत बसले आहेत. म्हणजे देखणेपणाचे त्यांना वावडे नव्हते. आधी पैसा कुठे जायचा, एवढाच फरक होता.

या लोकांना देवदूत ठरवण्याची घाई मात्र मी करणार नाही. ग्रीसमधील करिंथ शहरातल्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून प्रेषित पौलाला खडसावून लिहावे लागले. टर्टुलियनच्या यादीत गुलामांना आधार आहे. पण गुलामगिरीच का असावी, हा प्रश्न त्यात नाही.

सर्वांत अवघड वाटले ते 'डिडाखे' हे आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीच्या नियमांचे छोटे पुस्तक. त्याची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. मूळ मजकूर बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरचा किंवा दुसऱ्याच्या आरंभीचा. बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करा, दिवसातून तीनदा प्रभूची प्रार्थना म्हणा, असे साधे नियम त्यात आहेत. फिरता प्रेषित तीन दिवस मुक्काम ठोकून राहिला किंवा पैसे मागू लागला, तर तो खोटा समजा, हाही नियम आहे (मोबाईलवर रोज येणारी काही प्रवचने ऐकताना तो हमखास आठवतो). पण रविवारच्या मेळाव्याबद्दल त्यात म्हटले आहे, की ज्याचे आपल्या सोबत्याशी भांडण आहे, त्याने समेट होईपर्यंत सामील होऊ नये. आजच्या भाषेत, नुसते मनोमन क्षमा करून चालणार नाही. आधी त्याच्या दारात जायचे.

होडीतील वाट्यावरून माझे आणि चुलतभावाचे दोन वर्षे बोलणे नाही. दर रविवारी तो तिसऱ्या बाकावर बसतो, मी सहाव्या, आणि ख्रिस्तप्रसादासाठी आम्ही एकाच रांगेत उभे राहतो. गेल्या रविवारी मी रांगेत गेलो नाही. बाकावरच बसून राहिलो. त्याने मागे वळून एकदा पाहिले. बंदी उठायला अजून तीन आठवडे आहेत, आणि सध्या तो संध्याकाळी ओसरीवर जाळे विणत बसलेला असतो, हे मला ठाऊक आहे.