कूबर पीडी ते मारी, धुळीच्या रस्त्याने

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जायचं तर बहुतेक जण स्टुअर्ट हायवेने सरळ उलुरू हा प्रसिद्ध लाल खडक गाठतात. डांबरी रस्ता, चुकायची सोय नाही. मला विचाराल तर खरी मजा कूबर पीडीहून उजवीकडे वळून विल्यम क्रीक आणि मारीमार्गे परतण्यात आहे. आम्ही जुलैत गेलो. दिवसा छान ऊन, रात्री मात्र स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागली. डिसेंबर-जानेवारीत या भागात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा लहान मुलांना घेऊन अजिबात जाऊ नका.

ॲडलेडपासून पोर्ट ऑगस्टापर्यंतचे तीनेकशे किलोमीटर सोपे आहेत. पुढे नकाशावर ठळक दिसणारं गाव म्हणजे एक पंप आणि एक खानावळ. ग्लेंडांबोनंतर सुमारे अडीचशे किलोमीटर पेट्रोल नाही, त्यामुळे काटा कुठेही असो, तिथे टाकी भरायचीच. या रस्त्यावरच्या रोडट्रेन, म्हणजे तीन-तीन ट्रेलर ओढणारे ट्रक, पन्नास मीटरहून लांब असतात. ओव्हरटेकला समोर दीड-दोन किलोमीटर मोकळा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर पडू नका. सूर्यास्ताच्या आत मुक्कामी पोहोचा, कारण अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात. भाड्याच्या गाडीचा विमाही बऱ्याचदा रात्रीच्या प्रवासाला लागू नसतो.

कूबर पीडीत 1915 साली ओपल हे रत्न सापडलं आणि उन्हाला कंटाळलेल्या खाणकामगारांनी जमिनीखालीच घरं केली. आम्हीही अशाच एका खोलीत उतरलो. भिंतींवर यंत्राच्या दातांचे गोल ओरखडे तसेच ठेवलेले, लाल-पांढरा दगड, आणि बाहेर काहीही असो, आत बारा महिने चोवीस-पंचवीस अंश. खिडकी नाही, हवेसाठी छतातून वर गेलेली नळी असते. दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नाही, तेव्हा टॉर्च उशाशी हवाच. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी बुकिंग करतानाच जमिनीवरची खोली मागावी, तशाही मिळतात. दगडात कोरलेलं सर्बियन चर्च चुकवू नका. गवताचं पातंही नसलेलं गोल्फ मैदान गंमत म्हणून बघा. गावाबाहेर मात्र मोकाट फिरू नका. उघड्या, खोल खाणी जागोजागी आहेत, आणि फोटो काढताना मागे मागे सरकण्याविरुद्ध पाट्याच लावल्या आहेत.

विल्यम क्रीकचा रस्ता 166 किलोमीटर, सगळा कच्चा. बऱ्याच भाडेकंपन्या साध्या गाड्यांना कच्च्या रस्त्यावर मनाई करतात, म्हणून करार आधी वाचा आणि फोर-व्हील ड्राइव्ह घ्या. दोन स्टेपन्या असल्या तर उत्तम. टायरमधली हवा थोडी कमी करा आणि वेग आवरा. पाऊस झाला की रस्ते बंद होतात, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड जबर. निघायच्या दिवशी सकाळी सरकारी रस्तास्थिती बघायची आणि एक दिवस हाताशी ठेवायचा. हा जादा दिवस नसेल तर हा मार्ग घेऊच नका.

विल्यम क्रीक म्हणजे पब, धावपट्टी आणि बोटांवर मोजता येतील इतकी माणसं. इथून काटी थांडा-लेक एअर या खाऱ्या तलावावर विमानफेऱ्या जातात. तलावाचा तळ समुद्रसपाटीखाली सुमारे पंधरा मीटर. पाणी येतं ते क्वीन्सलँडच्या नद्यांमधून, तेही क्वचित. पाणी असेल तर खिसा हलका करा. नसेल तर मारीच्या वाटेवर याच तलावाच्या दक्षिणेकडच्या भागाचं पांढरं मीठ रस्त्यालगतच्या ठिकाणावरून फुकट दिसतं. तळावर उतरू नका. इथल्या मूळनिवासी अराबाना लोकांसाठी ती पवित्र जागा आहे.

वाटेत कावर्ड स्प्रिंग्जला खजुराची झाडं आणि भूगर्भातल्या पाण्याचं छोटं टाकं आहे, तिथे तंबूचा मुक्काम जरूर करा. जवळच बबलर नावाच्या झऱ्यात वाळू आतून उकळल्यासारखी वर येते. सोबतीला ‘घान’ नावाच्या जुन्या रेल्वेचे अवशेष आहेत, ही गाडी या मार्गावरून 1980 मध्ये बंद झाली. रेल्वेआधी इथली वाहतूक उंटांवर चाले. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचेही होते. मारीत त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती आहे.

शाकाहारी असाल तर पबमध्ये चिप्स आणि टोस्टवर भागवावं लागेल. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती पुरली. पाणी माणशी रोज किमान पाच लिटर, शिवाय राखीव कॅन वेगळा. गावाबाहेर मोबाइलला रेंज नाही, सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो. गाडी अडली तर गाडी सोडून चालत जाऊ नका, वरून शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. आणि तोंडावर घ्यायची माश्यांची जाळी ॲडलेडलाच विकत घ्या, फोटोत कितीही वेडगळ दिसलात तरी.