तुम्ही विचारलंत म्हणून: कोड आणि बेज एकच का?

‘एरर करेक्टिंग कोड म्हणजे शेवटी बेजच ना?’ जळगावात वर्गात असो की लग्नाच्या पंगतीत, हा प्रश्न मला चुकत नाही. असा कोड म्हणजे संदेशाला जादा बिट (0 किंवा 1) जोडून पाठवणं, की वाटेत झालेली चूक पोचल्यावर सुधारता येते. आणि बेज म्हणजे आधीचा अंदाज नव्या पुराव्यानं बदलत शक्यता काढायचं सूत्र. पूर्वी मी झटकन ‘हो’ म्हणायचो. ते खोटंही नाही. गणितज्ञ हॅमिंगच्या 1950 च्या कोडात सात बिटांच्या 128 मांडण्यांपैकी 16 च वैध. उरलेल्या 112 ची पूर्वशक्यता, म्हणजे संदेश पोचण्याआधीच धरलेली शक्यता, शून्य. त्या 16 समसंभाव्य धरल्या की बेजचं सूत्र पोचलेल्या मांडणीला सर्वांत जवळची, म्हणजे कमीत कमी बिटांचा फरक असलेली, वैध मांडणी उचलतं. 1998 मध्ये मॅकएलिस, मॅकके आणि चेंग यांनी तर टर्बो कोड या नंतरच्या कोडाचं डीकोडिंग (मूळ संदेश परत काढणं) म्हणजे पर्लचं बिलीफ प्रोपगेशनच, म्हणजे बेजवरच बेतलेली अंदाजाची रीत, हे दाखवून दिलं.

मग मामांची केळी करपली. चोपड्याकडची बाग, मे महिना, नुकते निसवलेले घड. विमा हवामान केंद्राच्या तापमानाच्या आकड्यावर: मर्यादा ओलांडली तरच भरपाई, आणि आकडा मर्यादेच्या किंचित खाली. मामा कागद घेऊन दारात. ‘तू चुका सुधारानं शिकाडस ना? मंग हाऊ आकडा सुधार!’

काय सुधारणार? यंत्रानं पाठवलेला आकडा जसाच्या तसा पोचला होता. चूक, असलीच तर, त्याआधीची: केंद्राचा डबा दुपारी निंबाच्या सावलीत जायचा. सातपुड्याच्या उन्हाला कोणी जादा बिट जोडून पाठवत नाही.

म्हणून बेज. शेजारच्या केंद्रांचे आकडे, मागच्या वर्षांचे उन्हाळे, सावलीची वजावट असं सगळं धरून अंदाज काढला. तो मर्यादेच्या वर गेला. विमावाल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘सावलीचे किती अंश धरायचे, हे कोणी ठरवलं?’

‘मी.’

‘आणि बाग कोणाची?’

कागद परत आला. मामा जिना उतरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

माझी वजावट हवेतली नव्हती, हे आजही सांगतो. पण ती धरताना करपलेले घड डोळ्यांपुढे नव्हते, असं छातीठोकपणे म्हणवत नाही. कोडात हा वाद उद्भवतच नाही. कोणत्या 16 मांडण्या वैध, हे पाठवणारा आणि घेणारा आधीच ठरवून बसलेले असतात.

वर्गात हे सांगितलं की एखादी पोरगी हात वर करते. ‘सर, चॅनेलमध्ये, म्हणजे संदेश जातो त्या वाटेत, बिट किती वेळा उलटतो, हेही आपण गृहीतच धरतो ना?’ धरतो. पण ते ओळखीचे संदेश पाठवून मोजता येतं. मामांच्या बांधावरचं खरं तापमान कोणालाच ठाऊक नव्हतं. हे उत्तर मी देतो खरं, पण मलाच पुरतं पटलंय असं नाही.