तेराव्यानंतर कोण येतं?

आपल्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की त्या दिवशी तिथे चूल पेटत नाही, शेजारचं किंवा नात्यातलं कुणीतरी पिठलं-भात करून आणतं, कडू घास म्हणतात त्याला. मला ही पद्धत फार आवडते, कारण त्यात कुणी काही विचारत बसत नाही. पातेलं घेऊन सरळ घरात शिरायचं, ताटं मांडायची, "दोन घास खाऊन घ्या" म्हणत शेजारी बसायचं. ज्याच्या घरात असं झालंय त्याला आपल्याला काय हवंय तेच सुचत नसतं, मग "काही लागलं तर हक्काने सांगा" म्हणून काय उपयोग, तो बिचारा काय सांगणार?

पण हे सगळं तेराव्यापर्यंत. गोडाचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या गावाला गेले की खरी परवड तिथून सुरू होते, आणि नेमकं तेव्हाच कुणी नसतं.

आमच्या वरच्या मजल्यावरचे दादा पावसाळ्यात अचानक गेले, हार्ट अटॅक, पन्नाशीही नव्हती. घरातले सगळे व्यवहार तेच बघायचे, लाइट बिल त्यांच्या नावावर, गॅस त्यांच्या नावावर, ओटीपी यायचा तोही त्यांच्याच मोबाईलवर. वहिनी कधी एकट्या बँकेत गेल्या नव्हत्या आणि मुलगी बारावीला. म्हणून एका रविवारी मी थर्मासमध्ये चहा भरला, वर गेले आणि म्हटलं वहिनी, कागदांची पिशवी काढा, आपण दोघी मिळून बघू.

हॉलमध्ये सगळं पसरलं, जुन्या पावत्या, रेशनकार्ड, दादांचं पासबुक. त्यात मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कट झालेले. वहिनी म्हणाल्या बँकेचे चार्जेस असतील. चार्जेस नव्हते, प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता होता तो, वर्षाला ४३६ रुपये, आणि माणूस कुठल्याही कारणाने गेला तरी वारसाला २ लाख मिळतात. फक्त २० रुपये कट झालेले दिसले तर तो अपघाताचा विमा. खातं ज्या बँकेत आहे तिथेच क्लेम करायचा असतो, पण बँक काही घरी येऊन सांगत नाही. किती घरांत त्या ओळीकडे बघितलंच जात नसेल, मला तर विचार करूनच कसंतरी होतं.

तसंच नोकरीत पीएफ कापला जात असेल तर त्याच्याबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत, त्याचे पैसे कंपनी भरते, कामगाराच्या पगारातून काही जात नाही म्हणून घरच्यांना पत्ताच नसतो. शिवाय पीएफमधूनच विधवा पेन्शन असते ती वेगळी. आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, दाखल्याच्या भरपूर प्रती एकदमच काढून ठेवायच्या, प्रत्येक ठिकाणी ओरिजिनल मागतात.

बँकेत मी बरोबर गेले होते. काही विशेष केलं नाही, शेजारी बसले, फॉर्म भरायला मदत केली. पण बरोबर कुणी असलं की काउंटरवरचा माणूसही जरा नीट बोलतो, वाईट आहे पण खरं आहे.

रिक्षातून येताना वहिनी म्हणाल्या, ते गेल्यापासून त्यांचं नावच कुणी घेत नाही हो, मी रडेन म्हणून सगळे विषय बदलतात. मग मी त्यांना सांगितलं की मागे सोसायटीची मोटर बंद पडली होती तेव्हा दादा रात्री टॉर्च तोंडात धरून खाली बसले होते आणि सकाळी सगळ्यांच्या नळाला पाणी होतं. त्या रडल्याही आणि हसल्याही. आपण उगाच घाबरतो, गेलेल्या माणसाबद्दल बोललेलं घरच्यांना हवंच असतं.

आता हळदीकुंकवाचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं, एका गावाला जमलं तर आमच्या बिल्डिंगला का जमू नये? संक्रांतीला वहिनींना बोलवायला मी स्वतः जाणार आहे, यायचं की नाही ते त्या ठरवतील, पण आमंत्रण जाणारच. कुणाला पटणार नसेल तर त्यांनी माझ्याकडे येऊ नये, इतकं स्पष्ट.

त्याआधी दिवाळी आहे, वर्षाच्या आतली, त्यांच्याकडे फराळ होणार नाही. मुलीला चकली आवडते म्हणून चकली माझ्याकडे, शंकरपाळे तळमजल्यावरच्या काकू करतायत, चिवड्याचं अजून कुणी घेतलेलं नाही, आज संध्याकाळी खाली विचारते.