बाटलीआड गेलेला नट

ऑलिव्हर रीडचा विषय निघाला की बोलणे त्याच्या पिण्यावर जाते आणि तिथेच संपते, याचे मला मनापासून वाईट वाटते. दारू त्याने अफाट ढोसली हे खरेच आहे. पण त्या किश्श्यांच्या गर्दीत एक अव्वल दर्जाचा नट आपण हरवून बसलो आहोत.

१३ फेब्रुवारी १९३८ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागात जन्मलेल्या रीडने अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. प्रसिद्ध दिग्दर्शक कॅरल रीड हे त्याचे काका असले, तरी तो वर आला तो हॅमर कंपनीच्या भयपटांतून. पुढे एका क्लबातल्या मारामारीत फुटक्या ग्लासाने त्याचा चेहरा फाटला आणि ते व्रण जन्मभर राहिले. १९६८ मध्ये काकांनी त्याला 'ऑलिव्हर!'मध्ये बिल साइक्स या क्रूर गुंडाची भूमिका दिली. ही रंगभूमीवरून पडद्यावर आलेली संगीतिका, पण मूळ नाटकात साइक्सच्या वाट्याला असलेले गाणे चित्रपटात गाळलेले होते. भोवतालचे सगळे गात-नाचत असताना हा एकटा न गाता वावरतो, आवाज न चढवता बोलतो, आणि त्यामुळेच त्याची अधिक भीती वाटते.

केन रसेलच्या 'विमेन इन लव्ह'मधला (१९६९) त्याचा खाणमालक जेराल्ड मला सर्वांत मोलाचा वाटतो. रेल्वे फाटकाशी आगगाडी धडधडत जात असताना बिथरलेल्या घोडीला तो टाचा मारमारून जागीच उभी ठेवतो, आणि तिची तडफड चाललेली असताना त्याची मुद्रा मात्र जराही हलत नाही. या एका प्रसंगात त्या माणसाचा सगळा स्वभाव कळून येतो, आणि शेवटी बर्फात एकटा चालत जाणारा तोच जेराल्ड पाहताना पोटात कालवाकालव होते.

ऐंशीच्या दशकात चांगल्या भूमिका आटत गेल्या. दूरचित्रवाणीवाले त्याला बोलावत ते तो पिऊन काय तमाशा करतो हे दाखवण्यासाठी. या पापाचा वाटा बोलावणाऱ्यांच्याही पदरी पडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिडली स्कॉटच्या 'ग्लॅडिएटर'मधला प्रॉक्सिमो, म्हणजे ग्लॅडिएटरांचा मालक, त्याला मिळाला तेव्हा तो साठीला आला होता. २ मे १९९९, रविवार. माल्टाची राजधानी व्हॅलेटा इथल्या एका पबमध्ये ब्रिटिश खलाशांबरोबर पिता पिता आणि पंजा लढवता लढवता त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय ६१. त्याचे चित्रण पुरे झालेले नव्हते, म्हणून आधी टिपलेला त्याचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने बदली नटाच्या देहावर बसवून प्रॉक्सिमोचे मरण पुरे केले गेले. बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांच्या सहायक अभिनेत्याच्या नामांकनांत त्याचे नाव आले, ते मृत्यूनंतर. तो प्रसंग मी पुन्हा पाहतो तेव्हा जोडकाम शोधायला गेलेली नजर त्याच्या डोळ्यांवरच अडकून राहते.