हवा सोडली जाईल

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली गेल्या महिन्यात पाटी लागली. ‘येथे सायकली लावू नयेत. लावल्यास हवा सोडली जाईल. हुकुमावरून.’ पुण्यात पाटी वाचून लगेच रागवायचं नसतं, आधी शुद्धलेखन तपासायचं असतं. तपासलं. चूक नव्हती. मग मात्र रागावले. जिन्याखाली सायकली मोजून तीन. एक वॉचमनची, एक दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची (तो ती दहावीनंतर विसरून गेलाय) आणि तिसरी माझी.

प्रकरण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलं. सेक्रेटरी तरुण आहे. कोथरूडहून रोज हिंजवडीला जातो, पाच जणांच्या गाडीतून एकटा. “काकू, पर्सनली घेऊ नका,” तो म्हणाला, “पण पार्किंगचा चार्ज गाडीवाले सगळे भरतात. सायकलवाले काहीच भरत नाहीत.” तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी लगेच री ओढली. “अगदी बरोबर. वहिनी, आम्ही रोड टॅक्स मोजलाय. ज्यानं पैसे भरले, त्याचा रस्ता.”

नानांच्या तोंडून हे ऐकून मला खरंच गंमत वाटली. नाना खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. शिफ्ट सुटली, भोंगा झाला, की फाटकातून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडायचा त्यात तीस वर्षं नानाही होते. आणि तेव्हा टॅक्स कोण भरत होतं? सायकलवालाच! नगरपालिका, मग महानगरपालिका, सायकलवर कर घेई आणि त्याचा बिल्ला देई. पत्र्याचा, वर्ष उमटवलेला. माझ्या वडिलांच्या हर्क्युलसला तो पुढे तारेने बांधलेला असायचा. रक्कम किरकोळ, पण बिल्ला नसेल तर पकडण्याची भीती किरकोळ नव्हती. नवीन वर्षाचा बिल्ला आणायला वडील जितक्या तत्परतेने जायचे, तितक्या तत्परतेने ते दाढदुखीसाठीही कधी गेले नाहीत.

रात्री दिवा हवा. डबलसीट चालायचं नाही. मी कॅरिअरवर बसलेली असले की अलका चौकाच्या अलीकडे वडील म्हणायचे, “उतर.” मग मी फुटपाथवरून सभ्य मुलीसारखी चौक ओलांडायची, वडील सायकलवरून पोलिसाकडे न बघता जायचे आणि टिळक रोडला लागलं की मी पुन्हा वर. एकदा उतरायला उशीर झाला. पोलिसाने पावती वगैरे काही केली नाही. खाली वाकला, दोन्ही चाकांची हवा सोडली आणि पुढच्या सायकलकडे वळला. आम्ही नारायण पेठेतल्या घरापर्यंत सायकल हातात धरून आलो. आमच्या जिन्याखालच्या पाटीला परंपरा आहे, एवढंच सांगायचंय.

मग लूना आली, चेतक आली, दोन्ही १९७२ सालच्या. चेतक तर आकुर्डीतच बनायची, म्हणजे सायकलींच्या शहराला सायकलवरून उतरवायचं काम निम्मं घरच्या घरीच झालं. नंतर गिअर नसलेल्या स्कूटर आल्या आणि मधला सगळा वर्ग उतरला. आता सायकल दोन टोकांना उरली आहे. एका टोकाला पेपरवाला, इस्त्रीवाला, आमचा वॉचमन. दुसऱ्या टोकाला रविवारी पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाकडे निघालेली मंडळी, ज्यांच्या सायकलच्या किमतीत आमच्या वडिलांनी घर घेतलं असतं. माझ्यासारखी, मंडईतून दोन जुड्या मेथी हँडलला अडकवून येणारी बाई दिसली की लोकांना वाटतं, हिचं काहीतरी बिघडलंय. स्कूटर तरी, नाहीतर घरची परिस्थिती तरी.

तर रोड टॅक्स. मी मीटिंगमध्ये विचारलं, “नाना, तो जातो कुठे?” नाना म्हणाले, “रस्त्याला.” नाही जात. गाडी घेताना एकदाच भरतो तो वाहनकर राज्याच्या तिजोरीत जातो. पेट्रोलच्या गाडीला तो किमतीच्या ११ टक्क्यांपासून सुरू होतो, म्हणजे रक्कम मोठी असते, नानांचा ऊर भरून येणं स्वाभाविक आहे. पण आमच्या इमारतीपुढची गल्ली महानगरपालिकेची. पालिकेची कमाई म्हणजे मुख्यतः मिळकतकर, बांधकाम परवानग्यांचं शुल्क आणि जकात आणि तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेल्यापासून राज्याकडून येणारा जीएसटीचा हिस्सा. यातला मिळकतकर मी भरते, नाना भरतात, आणि वारज्यात भाड्याच्या खोलीत राहणारा वॉचमनही भाड्यातून भरतोच. साबणाच्या वडीवर जीएसटी त्यालाही चुकलेला नाही. माझ्या सायकलवर तर मी १२ टक्के दिला होता. २०२५ च्या सप्टेंबरात तो ५ झाला. वरचे सात टक्के मला परत कोण देणार?

यावर शांतता पसरली, म्हणजे सगळ्यांनी मोबाइल काढले. मला तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी निवृत्त शिक्षिका, तेही गणिताची. फळा दिसला नाही तरी खडू हातात असल्यासारखा वाटतो.

मी अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा हिशेब सांगायला घेतला. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर दोन वर्षं ट्रक फिरवत ठेवले होते. चालवायला सैन्यातले जवान. रस्ता किती वजनाला किती झिजतो, एवढंच बघायचं होतं. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की झीज आसावरच्या, म्हणजे ॲक्सलवरच्या, वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, तर झीज सोळापट. आता मी आणि सायकल मिळून ८० किलो, म्हणजे एका चाकावर ४०. (इथे मागून कोणीतरी “ऐंशीच?” असं म्हणालं. मी लक्ष दिलं नाही.) माणसांसकट छोटी गाडी १,२०० किलो धरली तर एका आसावर ६००. पंधरापट. पंधराचा चौथा घात ५०,६२५. “म्हणजे माझ्याकडून एक रुपया घ्या,” मी म्हटलं, “आणि गाडीवाल्यांकडून पन्नास हजार सहाशे पंचवीस.”

सेक्रेटरी हुशार निघाला. “काकू, मग बसचं काय?” बरोबर पकडलं होतं त्याने. भरलेल्या बसचा मागचा आस माझ्या हिशेबात गाडीलाही लाजवतो. आता बसमध्ये साठ माणसं असतात, आणि त्या साठांनी साठ गाड्या काढल्या तर कर्वे रोडचं काय होईल हे मी सांगितलं खरं, पण चौथा घात साठाने भागून बघायची मला हिंमत झाली नाही. शिवाय पुण्याचा रस्ता चाकाखाली झिजून मरेपर्यंत जगतो कुठे? त्याआधी तो पावसाने उखडतो, नाहीतर डांबर वाळायच्या आत कुणाची तरी केबल टाकायला खणला जातो. तेव्हा पन्नास हजारांचा आग्रह मी मागे घेतला.

जागेचा मात्र घेतला नाही. एक गाडी उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर लागतात. चौरस फुटांत सुमारे १३५. नारायण पेठेतल्या वाड्यात आमची खोली होती दहा बाय तेराची, १३० चौरस फूट. त्यात आम्ही पाच जण, एक मोरी, एक कोनाडा आणि दाराबाहेर वडिलांची सायकल. त्या जागेचं भाडं एक तारखेला घरमालकांना पोचतं व्हायचं, दोन तारीख उजाडली की ते दारात खाकरायचे. आता तेवढ्याच मापाची जागा आमच्या गल्लीत प्रत्येक गाडीने धरलेली आहे, सम तारखेला या बाजूला, विषमला त्या बाजूला, आणि खाकरायला कोणी येत नाही. २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंगचं धोरण आणलं, सुरुवातीला फक्त पाच रस्त्यांवर पैसे घ्यायचं ठरलं, तर गाव असं खवळलं की धोरण जे फाइलीत जाऊन बसलं ते कित्येक वर्षं बसलंच. सायकलींचा आराखडाही पालिकेने २०१७ सालीच मंजूर केला आहे. ट्रॅकही आहेत हो. मी त्यांवरून जाते, म्हणजे पाणीपुरीची गाडी, विजेचा डीपी आणि तिरक्या लावलेल्या तीन मोटारसायकली यांच्यामधून सायकल उचलून नेते.

हे सगळं ऐकवताना माझ्या नवऱ्याने बाजूला बसून खाली मान घातली होती. कारण आमच्याकडेही गाडी आहे. लाल. गेल्या पावसाळ्यात गुडघा दुखायला लागला तेव्हा दोन महिने मी त्याच गाडीतून फिरले, आणि डेक्कनला जागा शोधत चार चकरा मारताना पुढे रेंगाळणाऱ्या एका सायकलवाल्यावर मीच हॉर्न वाजवला होता. वयस्कर गृहस्थ होते. वळून त्यांनी असं पाहिलं, की मला वडिलांचं ते अलका चौकातलं “उतर” आठवलं.

मीटिंगमध्ये शेवटी नानाच मऊ झाले. बिल्ल्याची आठवण त्यांना पोचली असावी. “माझ्या सायकलचा शेवटचा बिल्ला अजून आहे घरात,” ते म्हणाले. “टॅक्स बंद झाला तरी काढवला नाही.” मग ठराव झाला. सायकलीला महिना वीस रुपये, पाटी काढायची, वॉचमनला माफ. मी विरोधात हात वर केला आणि लगेच वर्षाचे दोनशे चाळीस मोजून दिले. पावती मात्र मागितली.

पावतीपुस्तकात दोनच रकाने होते, चारचाकी आणि दुचाकी. सेक्रेटरी दुचाकीवर खूण करणार होता, तर कोषाध्यक्ष म्हणाले, थांबा, दुचाकीचे शंभर आहेत, ऑडिटला घोळ होईल. दोघांनी बराच वेळ विचार केला. मग ‘दुचाकी’च्या पुढे पेनने कंस करून लिहिलं, ‘हवेवर चालणारी’.

पाटी अजून तिथेच आहे. स्क्रू गंजलाय म्हणे, निघत नाही.