बंड्याने जावं, पण येऊ नये

गेल्या महिन्यात आमच्या कुत्र्याला, बंड्याला, लस द्यायला घेऊन गेलो होतो. बोलता बोलता नवऱ्याने डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं की पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं इथून, इंग्लंडहून, आमच्याच बोटीने फ्रान्सला जाणार. (बोट तेव्हा घेतलेली नव्हती, पण हा दोन वर्षं 'आमचीच बोट' असंच बोलतोय.) बाई हसल्या आणि म्हणाल्या, "जा की. पण याला परत कसं आणणार?"

कसं म्हणजे? नेलं तसंच.

तर तसं आणता येत नाही. बाहेरून इंग्लंडमध्ये कुत्रा आणायचा तर मान्यताप्राप्त मार्गानेच यावं लागतं, म्हणजे ठरावीक फेरीबोट, चॅनलखालची रेल्वे किंवा विमान. स्वतःच्या बोटीतून नाही. सवलत आहे ती आयर्लंड, चॅनल आयलंड्स आणि आइल ऑफ मॅनहून येणाऱ्यांना. बाकी बंड्याच्या मानेत चिप असो, रेबीजची लस असो, सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र असो, परतीच्या आधी 24 ते 120 तासांच्या आत तिकडच्या डॉक्टरने जंताचं औषध पाजल्याची नोंद असो, आपल्या बोटीतून तो आला की बेकायदा. तोच बंड्या, तेच कागद, फेरीबोटीत गाडीच्या मागच्या सीटवर बसून आला की कायदेशीर.

मी दोन दिवस धुमसत होते. कारण या देशात स्वतःची शिडाची बोट समुद्रात न्यायला परवाना लागत नाही! उद्या सकाळी मी बोट विकत घेऊन, शीड उलटं की सुलटं हेही न कळता, मोठमोठ्या मालवाहू जहाजांच्या वाटेत जाऊन उभी राहू शकते. मला कोणी विचारणार नाही. माणसाच्या अकलेवर एवढा विश्वास, आणि कुत्र्याच्या कागदांवर नाही.

मग राग जरा उतरला तेव्हा लहानपणचं आठवलं. 'पोटात चौदा इंजेक्शनं' या तीन शब्दांच्या भीतीने आपण अख्खं बालपण गल्लीतल्या कुत्र्यांपासून लांब पळत काढलं. इथल्या पोरांना ती भीतीच माहीत नाही. त्यासाठी या लोकांनी बाहेरून आलेलं जवळजवळ प्रत्येक कुत्रं सहा-सहा महिने कोंडून ठेवलंय, अगदी 2000 सालापर्यंत. फेरीच्या धक्क्यावर चिप तपासायला माणूस असतो, आमच्यासारखे ज्या आडबाजूच्या खाडीत नांगर टाकतात तिथे कोण असणार? कारण पटलं. राग मात्र थोडा ठेवलाय.

आता या नियमाचा बोट निवडण्याशी काय संबंध? सगळा संबंध.

आमचा बेत साधा होता. दोघांनी पूर्ण निवृत्ती घ्यायची नाही. हा आठवड्याला तीन दिवस, मी दोन दिवस काम करणार, तेही लॅपटॉपवर, आणि एप्रिल ते सप्टेंबर बोटीवर राहायचं. नातेवाइकांच्या मते हे वेड आहे. चुलत दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, या वयात लोक जमीन घेतात, तुम्ही पाणी घेताय." इथल्या सेलिंग क्लबातल्या एका आजोबांनी उलट बाजूने विचारलं, तुमच्याकडे शिडाच्या बोटी असतात का? त्यांना मी कान्होजी आंग्र्यांपासून ते 2010 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणाऱ्या दिलीप दोंद्यांपर्यंत सगळं ऐकवलं. आम्ही दोघांनी मात्र इथे येईपर्यंत शिडाच्या दोरीला हात लावला नव्हता, हे सांगायचं राहून गेलं.

नवऱ्याच्या मनातली बोट 38 फुटांची, खोल कीलची (कील म्हणजे बोटीच्या तळाखालचा जड पंखा), वाऱ्याला कापत जाणारी. आम्ही अशा तीन पाहिल्या. प्रत्येकीत आत उतरायला जिना म्हणून जे होतं ती जवळजवळ उभी शिडी होती. बंड्या लॅब्राडोर, 29 किलोचा. बिस्किटाच्या आशेने तो धडपडत खाली गेला आणि वर यायला साफ नकार दिला. शेवटी त्याच्या लाइफ जॅकेटची पाठीवरची मूठ धरून आम्ही दोघांनी त्याला ओढून काढलं. बोट विकणारा गृहस्थ आकाशाकडे पाहत होता. ब्रोकर लोक केबिनची, इंजिनच्या तासांची, बॅटरीची माहिती भरभरून देतात. जिन्याच्या पायरीची खोली किती, हे विचारलं की त्यांना वाटतं आपण थट्टा करतोय. मी तेव्हापासून पर्समध्ये टेप ठेवते. कॅटमरान, म्हणजे जोडबोट, त्या दृष्टीने छान, ती फारशी कलत नाही आणि मागच्या बाजूला पाण्यापर्यंत पायऱ्या असतात. पण तिची रुंदी पाहिली की मरीनावाले (बोटी लावायच्या धक्क्यांचे मालक) जादा भाडं मागतात, म्हणून तो विषय दहा मिनिटांत संपला.

आणि मग हा नियम. फ्रान्सला जायचं तर मी गाडी आणि बंड्या घेऊन फेरीने जाणार, हा बोट घेऊन एकटा. परत येताना पुन्हा तसंच. सोलेंट या इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडून फ्रान्सचं शेरबर्ग बंदर म्हणजे सुमारे 60 सागरी मैल. 5 नॉटच्या वेगाने 12 तास, वाटेत जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक. म्हणजे बोट एकट्याला हाकता येईल अशीच हवी. सगळ्या दोऱ्या कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या जागेपर्यंत, आणलेल्या, पुढचं शीड गुंडाळता येणारं, ऑटोपायलट चांगला. आणि साठीच्या माणसाला 38 फुटी बोट वाऱ्यात एकट्याने धक्क्याला लावता येत नाही. हे मी बोलले. त्याने दोन दिवस माझ्याशी फक्त बंड्यामार्फत संवाद साधला.

शेवटी आम्ही घेतोय ती 31 फुटांची, जुन्या इंग्लिश बांधणीची, दोन कील असलेली. नवरा तिला 'म्हैस' म्हणतो. वाऱ्याच्या तोंडावर ती हट्टी आहे, बाजूला सरकत जाते, कललेली असताना लाट कीलखाली आपटली की भांडी पडल्यासारखा आवाज येतो. पण ओहोटीला पाणी ओसरलं की ती दोन पायांवर सरळ उभी राहते. एका कीलची बोट तिथे कुशीवर पडेल. आइल ऑफ वाइटच्या बेंब्रिज बंदरात अशा बोटी ओहोटीला वाळूवर उभ्या दिसतात. मग कुत्र्याला शी-शूला थेट वाळूत उतरवायचं. नाहीतर रोज पहाटे सहाला, पाऊस असो की वारा, रबरी होडी काढून त्याला किनाऱ्यावर न्यायचं. डेकवर कृत्रिम गवताची चटई टाकून शिकवतात म्हणे. आम्ही घराच्या मागच्या अंगणात चार महिने प्रयत्न केला. बंड्या त्या चटईवर झोपतो.

फ्रान्सचं म्हणाल तर पहिल्या वर्षी नाही. चॅनल आयलंड्सपैकी गर्न्सीला थेट जाऊन थेट परत आलं तर बंड्याला आमच्याच बोटीतून येता येतं. आणि तिथे उधाणाला पाणी 8-9 मीटर वरखाली होतं, म्हणजे दोन कीलची बोटच शहाणपणाची. आम्ही काही नुसती नियमाला घाबरून लहान बोट घेतली नाही. पायऱ्याही पाहून घेतली. नवऱ्याला विचाराल तर तो वेगळं सांगेल, पण टेपची मापं माझ्या वहीत आहेत.

बोट सध्या यार्डात जमिनीवर, टेकूंवर उभी आहे. सर्व्हेअरने हातोडीने ठोकून पाहिली, ओल मोजली, मास्टला, म्हणजे डोलकाठीला, धरणाऱ्या तारा बदला म्हणाला. विमेवाल्यांनाही त्या नव्याच हव्या आहेत. आत जायला बाहेरून तीन मीटरची शिडी चढावी लागते, त्यामुळे बंड्याने ती अजून आतून पाहिलेली नाही. गुरुवारी क्रेनने तिला पाण्यात उतरवणार आहेत. मी बिस्किटांचा पुडा घेऊन धक्क्यावर उभी असेन.