हरणाऱ्याला बसवून ठेवणारा पट

घरात खेळायला पट घेताना लोक डब्यावरचं वय बघतात, किंमत बघतात, चित्रं बघतात. मी एकच बघतो. ह्यात हरायला लागलेल्या माणसाचं पुढं काय होतं? तो शेवटपर्यंत पटाशी बसून राहतो, की उठून गॅलरीत जाऊन मोबाइल काढतो? आमच्याकडं कोल्हापुरात हा प्रश्न जरा जास्तच नाजूक. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीचा फुटबॉल संघ हरला की पेठेत दोन दिवस सुतक असतं. तीच माणसं रविवारी तांबडा-पांढरा ओरपून दुपारी सतरंजीवर बसतात आणि त्यांची सोंगटी पुतण्या मारतो, तेव्हा काय होत असेल बघा.

व्यापार ह्या कसोटीत पहिल्या फटक्यात बाद. लहानपणी आम्ही अख्ख्या मे महिन्यात दुसरं काही खेळलो नाही, पण आता लक्षात येतं की त्यात एकाचं दिवाळं निघालं की बाकीच्यांचा खेळ आणखी तासभर रेंगाळतो. दिवाळखोरानं तोवर काय करायचं? लिंबू सरबत करायचं. आता हा दोष म्हणावा, तर मूळ हेतूच तो होता. लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी १९०४ साली ह्या खेळाच्या पूर्वजाचं पेटंट घेतलं, ते जमीनमालक भाडं खाऊन बाकीच्यांना कसे धुऊन काढतात हे दाखवायला. पुढं १९३५ मध्ये मोनोपॉली म्हणून तो बाजारात आला आणि लोक नेमकं तेच धुणं मजेनं करायला लागले. आमचा दादा जमिनींच्या व्यवहारात आहे. त्याला हा खेळ अजून आवडतो, ह्यात सगळं आलं.

लुडोत निदान कुणी बाहेर जात नाही. पण आत तरी कुठं येतो? सहा पडल्याशिवाय सोंगटी घरातून निघत नाही, आणि सहा वेळा फासा टाकूनही एकदासुद्धा सहा न पडण्याची शक्यता तिनात एक. म्हणजे चौघं खेळायला बसले की कुणीतरी एक जण नुसता फासा हलवत बसणार. सापशिडीबद्दल बोलूच नये. त्यात आपण ठरवायचं काहीच नसतं. पाच वर्षांच्या आतल्यांसाठी ठीक.

नवे परदेशी खेळ मिळतात ते बहुतेक पुण्याहून मागवायचे किंवा कुणाच्या तरी इंजिनिअर मुलानं सुट्टीत आणायचे. माझं म्हणणं, डबा विकत घ्यायच्या आधी कुणाच्या तरी घरी एकदा खेळून घ्यावं. मी तसंच करतो. खेळ मागायला जायचं निमित्त म्हणून चहापण होतो. बाकी दोन गोष्टी डबा हातात घेतला की दिसतात. एक, किती जणांचा खेळ. दोन ते चार असं लिहिलेलं असलं तर एकत्र कुटुंबात तो जोड्या लावूनच खेळायचा, आणि नवरा-बायकोची जोडी लावायची नाही. दुसरी, नियमांच्या पुस्तिकेची जाडी. पुस्तिका वाचता वाचता आबांचा डोळा लागला, तर तो खेळ आमच्या घरचा नव्हे.

कटान मात्र मी हौसेनं आणला होता. १९९५ चा जर्मन खेळ, बेटावर घरं वसवून वीट, मेंढ्या असा माल मिळवायचा. त्यातली एक युक्ती मला फार आवडते: फासे कुणीही टाकले तरी आकडा जुळला की माल सगळ्यांना मिळतो, त्यामुळं दुसऱ्याच्या पाळीतही जीव अडकलेला राहतो. शिवाय देवघेव. लक्ष्मीपुरीच्या बाजारात आयुष्यभर घासाघीस केलेल्या आईला एका विटेला दोन मेंढ्या म्हणजे दिवसाढवळ्या लूट वाटायची आणि ती तसं बोलूनही दाखवायची. पण सुरवातीची घरं चुकीच्या जागी पडली की पुढचा तासभर आपण बुडतोय हे दिसत राहतं, उठताही येत नाही. वर सात पडला की माल अडवणारा चोर हलवायचा असतो, आणि दोन फाशांवर सातच सगळ्यांत जास्त पडतो. चोर दर वेळी दादाच्याच शेतात. त्यावरून दोन रविवार अबोला.

मग कुणीतरी सुचवलं, पँडेमिक खेळा, त्यात भांडणच नाही. सगळे मिळून जगभरच्या साथी आटोक्यात आणायच्या; जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हरवायचं कुणाला?" त्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. शिवाय वहिनी शाळेत शिकवतात. तिसऱ्या पाळीपर्यंत सगळ्यांच्या चाली त्याच सांगायला लागल्या होत्या.

आबांना बसवलं ते टिकिट टू राइडनं. नकाशा अमेरिकेचा, प्रत्येकाला आगगाडीचे ४५ छोटे डबे, आणि हातातल्या तिकिटांवरची गावं रुळांनी जोडायची. एका पाळीत एकच काम: पत्ते उचला, नाहीतर रूळ टाका, नाहीतर नवी तिकिटं घ्या. पाळी लगेच फिरून येते. आबा एसटीत कंडक्टर होते. त्यांनी चष्मा वर करून तो नकाशा आधी नीट वाचून काढला. डुलुथ, ओमाहा, सांता फे, एल पासो ही नावं ते गारगोटी-राधानगरीच्या चालीवर म्हणायला लागले. सिएटल ते न्यूयॉर्क २२ गुणांचं तिकीट हातात आल्यावर म्हणाले, "लांब पल्ल्याची गाडी आहे, मधे थांबा नको." आणि पहिला रूळ टाकून झाल्यावर, "इथं दोन मिनटांत रूळ पडला. आपली वैभववाडीची लाइन अजून कागदावरच हाय." नातवानं मधली वाट अडवली तर रागावले नाहीत; वळसा घालून डेन्व्हरवरनं गेले. तिकीट पुरं झालं नाही आणि २२ गुण उलटे कापले गेले, तरी हिशेब होईपर्यंत जागचे हलले नाहीत. उलट वेळापत्रक कुठं चुकलं, ते सगळ्यांना समजावून सांगत बसले.

ह्या खेळाची खोड एकच, पाचाच्या वर माणसं चालत नाहीत. जास्त माणसं जमली की आम्ही कोडनेम्स खेळतो, तेही घरी केलेलं. मूळ खेळ २५ शब्दांचा. दोन गट, प्रत्येक गटातला एक जण एक शब्द आणि एक आकडा एवढाच इशारा देतो आणि बाकीच्यांनी आपले शब्द ओळखायचे. इंग्रजी पत्त्यांवर आई अडायची म्हणून पुतणीनं जुन्या लग्नपत्रिका कापून पाठीमागं मराठी शब्द लिहिले: रंकाळा, हळद, तालीम, कर्ज, भांडण, म्हैस. आईनं इशारा दिला, "लग्न, तीन." आमच्या गटानं एका दमात हळद, कर्ज, भांडण ह्यांवर बोट ठेवलं आणि तिन्ही बरोबर निघाले. समोरच्या गटाचं म्हणणं, हा इशारा नव्हे, आत्मचरित्र आहे.

अडचण आईच्या चेहऱ्याची आहे. इशारा दिल्यावर गप्प बसायचं असतं, पण कुणाचं बोट चुकीच्या पत्त्याकडं सरकलं की तिच्या तोंडून "अगं बाई" निघतंच. म्हणून आता नियम केलाय: आईनं इशारा दिला की तोंड स्वयंपाकघराकडं करून बसायचं. ती म्हणते, मग मजा मी कुठनं बघू? त्यावर पुतण्यानं तिला कपाटावरचा आरसा काढून द्यायचं कबूल केलंय, आणि दादाला हे अजिबात मान्य नाही.